सरपंच का चावतो

लोणावळा
१६ एप्रिल २०२५

आदरणीय अक्का यांस,
प्रदीपचा सविनय जयभीम, वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण ससा.

आधी बाकीचं लिहितो. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला मोठ्यानं बोलता येत नाही, तेव्हा पत्रच बरं, हे तुझं म्हणणं पटलं. मागच्या वेळी मी फोनवर ओरडून तुझी प्रकृती विचारली, तर शेजारचे धावत आले.

जयंती चांगली झाली. मी मिरवणुकीत चौकापर्यंत होतो, मग घरी आलो. तेजल, जावई आणि चिमी आले होते. स्वयंपाक मी केला. भात थोडा लागला, पण सगळ्यांनी खाल्ला.

आता सरपंच. सूनबाई चैताली हे पत्र वाचत असेल तर तिच्यासाठी सांगतो, सरपंच म्हणजे तेजलच्या आईचा ससा. मागच्या बंगल्यात सुट्टीला आलेल्या कुणीतरी तो जाताना तिथंच सोडला. बंगल्याचा राखणदार शिदू त्याला टोपलीत घालून आमच्याकडे घेऊन आला. दिवसभर बसून असतो, काम काही करत नाही आणि सगळ्यांनी आणून द्यावं अशी अपेक्षा ठेवतो, म्हणून तेजलच्या आईनं हे नाव ठेवलं. तीन वर्षं गरीब जनावर होतं. तिच्या मांडीवर बसून तांदूळ निवडून घ्यायचा, म्हणजे ती निवडायची आणि तो बघायचा.

जानेवारीत ती गेली. त्यानंतर महिनाभरात हा चावू लागला. आधी माझा अंगठा. मग खराटा. हल्ली मी पिंजऱ्यात हात घातला की गुरगुरतो, पुढच्या दोन्ही पायांनी चापटी मारतो आणि मग चावतो. ससा गुरगुरतो हे मला साठाव्या वर्षी कळलं. डॉक्टरांकडे नेला. दात ठीक, नखं ठीक, पोट ठीक. तपासून झाल्यावर डॉक्टरांनाही चावला. त्यांनी हात धुताना, चावा चांगला जोरकस आहे, जनावर अशक्त नाही, असं सांगितलं.

माझ्याकडून काळजीत कमी नाही. तू जाणतेस, माझी सगळी नोकरी रेल्वेत स्वच्छता निरीक्षकाची झाली. रोज सकाळी पिंजरा बाहेर काढून फिनेलनं धुतो, गवत सगळं नवं घालतो, खालचं पोतंही धुऊन बदलतो. तेजलच्या आईच्या वेळी एवढी स्वच्छता नव्हती.

जयंतीच्या दिवशी तो चिमीच्या बोटाला चावला. जखम लहान आहे, रडणं मोठं होतं. जावयाचे मित्र अमृत यांचं पवनेच्या बाजूला पर्यटकांसाठी रिसॉर्ट आहे. तिथं मुलांना बघायला बदकं आणि ससे ठेवले आहेत. बुद्धपौर्णिमेच्या आत सरपंचाला तिकडे पाठवा, नाहीतर पौर्णिमेला आम्ही येणार नाही, असं तेजल सांगून गेली. ती थोडी रागावूनच गेली. कपाटाचंही काही झालं होतं. ते जाऊ दे.

ससा देऊन टाकावा असं मला वाटत नाही. का ते नीट सांगता येत नाही. तू आयुष्यभर जनावरं सांभाळलीस, काही सुचलं तर कळव.

माया आहेच, ती अशीच असू दे.

तुझा,
प्रदीप

•

चिंचवड
२० एप्रिल २०२५

प्रिय आत्या,
स. जयभीम.

कितीतरी वर्षांनी हातानं लिहितेय, अक्षर सांभाळून घे. फोन केला होता, पण तू चैतालीवहिनीला विचारत राहिलीस की कुणाचं लग्न ठरलं. कुणाचंही ठरलेलं नाही.

बाबांनी तुला सशाचं कळवलंच असेल. कपाटाचं कळवलं नसेल, याची मला खात्री आहे.

जयंतीला आम्ही गेलो तेव्हा मला वाटलं, आईच्या साड्या आता बघायला हव्यात. विहारातल्या बायकांना द्यायच्या असं आईच म्हणायची. मी कपाट उघडलं, साड्या खाली काढल्या. तिची ती हिरवी शाल खुंटीवर होती, तिला तेलाचा आणि कसला कसला वास येत होता. मी ती मशीनमध्ये टाकली. चांगलंच केलं ना? बाबांच्या घरात मळकी वस्तू राहतेच कशी, याचं मला उलट नवल वाटलं.

मशीन थांबल्यावर बाबा आले. शाल बघितली आणि आत्या, ते ओरडले. आपले बाबा! विचारल्याशिवाय या घरातल्या कशालाही हात लावायचा नाही, असं म्हणाले, आणि कपाटाला पाठ लावून उभे राहिले. दोन्ही हात असे पसरून, जणू मी दरोडा घालायला आले होते. तुमचा जावई गौरव जेवता जेवता उठून उभा राहिला. चिमी घाबरून सशाकडे पळाली आणि तिनं पिंजऱ्यात बोट घातलं. पुढचं तुला माहीत आहे.

मग आम्ही सगळे त्या बोटामागे लागलो आणि कपाटाचं कुणी बोललंच नाही. जाताना बाबांनी माझ्या पिशवीत चिक्कीचे पुडे घातले.

मला त्यांची काळजी वाटते. आमच्याकडे राहायला या म्हटलं तर ते सशाचं कारण सांगतात. म्हणून मी सशाचीच अट घातली. तू त्यांची मोठी बहीण, तुझं ऐकतील. ससा अमृतकडे जाऊ दे आणि बाबा आमच्याकडे येऊ देत. खरं सांगू, बाबांपेक्षा तो ससा मला परवडतो. चावून मोकळा तरी होतो.

मी हे लिहिलंय ते बाबांना कळू देऊ नकोस. गुडघ्याला तेल लाव. आठवण ठेव.

तुझी,
तेजल

•

इंदुरी
२४ एप्रिल २०२५

चि. प्रदीप यास,
विठाबाईचा जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. चैतालीनं वाचलं, मग मी वाचलं, मग सोपान दूध घालायला आला त्यानं वाचलं. आता गावात सगळीकडं झालंय की लोणावळ्याचा सरपंच चावतो. आमच्या सरपंचानं मला रस्त्यात थांबवून विचारलं, की कोणत्या पक्षाचा आहे.

तू साठीचा झालास तरी पत्रात दोनच गोष्टी लिहितोस, काय खाल्लं आणि काय धुतलं. लहानपणी नदीवर म्हशी धुवायला पाठवलं तर तू म्हशीचे कानसुद्धा आतून पुसायचास. म्हैस तुला बघून पळायची. आईला वाटायचं, पोराला ढोरं न्हाई सांभाळता येत.

आता मी विचारते त्याची उत्तरं नीट लिही, सरकारी लिहू नको. सरपंच दिवसभर चावतो की ठरल्या वेळी? पिंजऱ्याबाहेर चावतो की आतच? आणि रत्नमाला त्याचं काय काय करायची? ती करायची आणि तू करत न्हाईस, असं काही आहे का? किंवा तू करतोस आणि ती करत नव्हती?

कुणी सांगेल दृष्ट काढा, तर काढू नको. आपण छप्पन्न साली ते सगळं नदीत सोडलं. माझं नाव तेवढं जुनं राहिलं.

तेजल थोडी रागावली असं लिहिलंस. कपाटाचं काही झालं असंही लिहिलंस, आणि पुढं ते जाऊ दे. बरं, जाऊ दिलं. मला कुणी काही कळवलेलं न्हाई, आणि मी विचारतही न्हाई.

सोपानच्या हाती मेथीची जुडी आणि कोथिंबीर पाठवली आहे. ती सरपंचाची. तुझ्यासाठी वाटाण्याची चटणी आहे. उलट करू नको.

जेवण वेळेवर घे. सगळं मंगल होवो.

तुझी,
अक्का

•

लोणावळा
२९ एप्रिल २०२५

आदरणीय अक्का यांस,
स. जयभीम, वि. वि.

मेथी आणि चटणी पोचली. दोघांनी आपापलं खाल्लं.

मध्यंतरी केलेले उपाय कळवतो. पहिला उपाय हातमोज्यांचा. रेल्वेतले जुने रबरी हातमोजे होते ते घातले. सरपंचानं मोजा काढून घेतला आणि पिंजऱ्याच्या कोपऱ्यात नेऊन त्यावर बसला. मोजा अजून त्याच्याकडेच आहे.

दुसरा उपाय शिदूचा. तो म्हणाला, की भाऊ, त्याला बायको पायजे, दुसरं काय न्हाई. मी सांगितलं, की तेजलच्या आईनं त्याचं ऑपरेशन मागेच करून घेतलं आहे, तो प्रश्न मिटलेला आहे. त्यावर शिदू म्हणाला, की ऑपरेशन माझंबी झालंय, पण बायको घरात लागतीच. त्यानं कामशेतहून मेव्हण्याची सशी तांदळाच्या पोत्यातून आणली. ती उतरली, सरपंचाची कोथिंबीर खाल्ली आणि त्याच्या पिंजऱ्यात जाऊन झोपली. सरपंच खाटेखाली. संध्याकाळी सशी परत गेली तेव्हा तो बाहेर आला आणि शिदूच्या पोटरीला चावला. दुसऱ्या प्राण्याचा संसर्ग नको म्हणून मी सगळी खोली धुतली.

आता तुझ्या प्रश्नांची उत्तरं.

चावण्याची वेळ सकाळची. पिंजरा धुऊन, वाळवून परत ठेवला आणि त्याला आत सोडला, की सुरू होतं. दुपारपर्यंत हात घालू देत नाही. संध्याकाळी जरा शांत असतो. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. स्वच्छ जागा मिळाल्यावर आनंद व्हायला हवा.

एक नवी खोडही लागली आहे. जिथं तिथं हनुवटी घासतो. पिंजऱ्याच्या दाराला, खाटेच्या पायाला, माझ्या पायजम्याला. खाज असेल म्हणून मी त्या सगळ्या जागा फिनेलनं पुसून घेतो. पुसून झालं की तो परत येऊन तिथंच घासतो. मी परत पुसतो. सकाळ त्यात जाते.

तेजलची आई काय करायची ते विचारलंस. अक्का, या बाबतीत ती हलगर्जी होती, हे मला लिहावं लागेल. गवत कधीच सगळं बदलायची नाही. वरचं ओलं काढायची, खालचं तसंच ठेवायची. तिचा जुना पदर फाडून त्याखाली घातला होता, तोही आठवडे धुवायची नाही. यावरून आमचं बोलणं व्हायचं. निम्मं राहू द्या, एवढंच ती म्हणायची आणि हसायची. आता ते सगळं मी व्यवस्थित करतो.

अमृत पौर्णिमेच्या आधी जीप घेऊन येणार आहेत. चांगले गृहस्थ वाटले. सशाचा फोटो मागितला. फोटोत तो चावेल असं वाटत नाही.

कपाटाचं काही विशेष नाही.

मोठेपणानं सांभाळून घेतेसच, तसंच घ्यावं.

तुझा,
प्रदीप

•

लोणावळा
५ मे २०२५

आदरणीय अक्का यांस,
स. जयभीम, वि. वि.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहीत आहे, कारण सरपंच आजारी आहे.

आमच्या गल्लीत खोदकाम चालू होतं, त्यात पाण्याची लाइन फुटली. नळ कोरडे आहेत. टँकर येतो, त्याचं पाणी पिण्यापुरतं आणि स्वयंपाकापुरतं पुरतं. धुणं-पुसणं सगळं बंद आहे. शुक्रवारपासून पिंजरा धुतलेला नाही, हे लिहिताना मला लाज वाटते. वरचं ओलं गवत तेवढं काढतो, खालचं तसंच आहे. घराला वास येतो. कुणी पाहुणा आला तर मी दारातच बोलतो.

या घाणीनं सरपंचाला काहीतरी झालं. शनिवारी मी हात घातला तर चावला नाही. मला वाटलं, लक्ष नसेल. रविवारी मुद्दाम पुन्हा घातला. हुंगला आणि खायला लागला. गुरगुरणंही बंद आहे. आज सकाळी मी पेपर वाचत होतो, तर येऊन माझ्या पावलावर बसला. चपलेला हनुवटी घासली. पाणी नसल्यानं मला ती पुसता आली नाही. मग तो आडवा पडला, पाय लांब करून, डोळे अर्धे मिटून. मी घाबरून शिदूला बोलावलं. शिदूनं त्याच्या कानाला हात लावला आणि म्हणाला, की भाऊ, हा मरत न्हाई, हा निवांत हाय. पण शिदूच्या सांगण्यावर कितपत विसंबावं? बायकोचं त्यानंच सांगितलं होतं.

खाणं मात्र चांगलं आहे. लेंड्याही ठीक. तरी चावत नाही म्हणजे अशक्तपणा असावा. डॉक्टरांकडे न्यावा का? की पाणी येईपर्यंत थांबून, एकदा सगळं नीट धुऊन बघावं?

लवकर कळव. अमृत शनिवारी येत आहेत.

तुझा,
प्रदीप

•

इंदुरी
८ मे २०२५

चि. प्रदीप यास,
जयभीम आणि आशीर्वाद.

हे पत्र सोपानच्या हाती देते आहे, टपालाला वेळ न्हाई. बादलीला हात लावू नको. आधी हे वाच.

तुझ्या सशाला काही झालेलं न्हाई. तो बरा झालाय.

अरे, ससा काय पाटी लावतो का दाराला, की हे माझं घर? तो हनुवटी घासतो तीच त्याची पाटी. तो वास. आमची मांजर न्हाई का उंबऱ्याला गाल घासत? तो दिवसभर घासून घासून घर आपलं करतो आणि तू सकाळी फिनेल घेऊन येतोस आणि सगळं पुसतोस. मग त्याला परक्याच्या घरात नेऊन सोडतोस, आणि वर त्या घरात हात घालतोस. चावेल न्हाईतर काय करेल? रत्नमाला निम्मं ठेवायची ती हलगर्जी म्हणून न्हाई. तिला कळत होतं.

तुझं पत्र वाचून मी एवढी हसले की चैताली पाणी घेऊन आली. चावत नाही म्हणून डॉक्टरकडे न्यायचा म्हणे! डॉक्टर काय औषध देतील, चावायचं?

आता दुसरं. मी लिहिलं होतं की मला कुणी काही कळवलं न्हाई. ते खोटं होतं. तेजलनं लिहिलं होतं. सांगू नको म्हणाली होती, पण मी बहात्तर वर्षांची आहे, मला विसरायला होतं.

तेजलनं शाल मशीनमध्ये टाकली तेव्हा तू काय केलंस? गुरगुरलास. कपाटापुढं हात पसरून उभा राहिलास. चावला न्हाईस एवढंच. सरपंचाबद्दल सगळे विचारतात की हा असा का वागतो, त्याला डॉक्टरकडे नेलं, त्याला बायको आणली, त्याच्यावर पत्रं लिहिली. तुला कुणी विचारलं न्हाई, कारण तू विचारू देत न्हाईस.

ती शाल तेवढीच का राहिली होती रे, न धुतलेली? रत्नमाला गेल्यावर तू पहिल्या आठवड्यात अख्खं घर धुतलंस. मी होते तिथं, बघितलं होतं. भिंतीसुद्धा. मला वाटलं, करू दे, त्याला तेच येतं. तेव्हा हात धरायला हवा होता तुझा.

आमचे मालक गेले तेव्हा चैतालीनं त्यांची वाकळ धुवायला काढली, तर मी तिला लाटणं फेकून मारलं होतं. लागलं न्हाई. ती अजून सगळ्यांना सांगते.

तेजलचं चुकलं न्हाई. तिला माहीत नव्हतं. तुझंही चुकलं न्हाई, पण तिला माहीत करून दे. तिच्याशी बोल. बोलता येत नसेल तर लिही, ससा म्हणून एवढं लिहितोस तर.

चटणी संपली असेल तर सोपानकडं डबा दे. धुऊन देशीलच.

तुझी,
अक्का

•

लोणावळा
१० मे २०२५

चि. तेजल हिस,
बाबांचा जयभीम आणि आशीर्वाद.

हे पत्र अमृत यांच्या हाती पाठवत आहे. ते जीप घेऊन आले होते. त्यांना चहा दिला आणि सरपंच देता येत नाही असं सांगितलं. इतक्या लांबून आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवणं बरं दिसलं नाही, म्हणून हे पत्र. तुला फोनही करता आला असता. फोनवर मला हे जमलं नसतं.

सरपंच आता चावत नाही. कारण अक्कानं शोधलं. मी रोज त्याचं घर धुऊन टाकत होतो, त्याला ते सहन होत नव्हतं. आता वरचं गवत बदलतो, खालचं ठेवतो. चिमीला सांग, त्याच्या नाकासमोर बोट धरायचं नाही, तिथलं त्याला दिसत नाही. बाजूनं हात न्यायचा, कानामागून. तिला भीती वाटत असेल तर मी तिचा हात धरीन.

शालीबद्दल लिहायचं आहे.

तू धुतलीस यात तुझी चूक नाही. तुझी आई गेल्यावर मी सगळं घर धुतलं होतं. पांघरुणं, उशा, पडदे, भिंती. सवय. धुऊन झाल्यावर एक दिवस मी घरात आलो आणि घरात फक्त फिनेलचा वास होता. तेव्हा मला कळलं, पण तोवर एक शालच राहिली होती. म्हणून मी तिला हात लावत नव्हतो. हे तुला सांगायला हवं होतं. मी ओरडलो ते तुझ्यावर नव्हतं. तरी तुझ्यावरच ओरडलो. चिमी घाबरली, गौरवचं ताट राहिलं. वाईट झालं.

काल मी कपाट उघडलं. वरच्या दोन कप्प्यांतल्या साड्या घड्या करून बाहेर ठेवल्या आहेत. त्या विहारातल्या बायकांना द्यायच्या. तुला एखादी ठेवून घ्यायची असेल तर ठेव. खालचे दोन कप्पे मी तसेच ठेवणार आहे. रत्नमाला म्हणायची, निम्मं राहू द्या. हे मला सरपंचाच्या बाबतीत तीन वर्षं पटलं नाही.

तुमच्याकडे राहायला येण्याचं सध्या नको. पण सुट्टीत चिमीला इथं सोड.

तेव्हा पौर्णिमेला या. खीर करणार आहे. लागू नये म्हणून शेजारच्या वहिनींना बघायला बोलावलं आहे. शाल खुंटीवर परत लावली आहे. तिला आता तुझ्या साबणाचा वास येतो. तोही घरचाच आहे.

सरपंच काल कपाटाच्या दाराला हनुवटी घासून गेला. मी पुसलेलं नाही.

चिमीला पापा. रागावली असशील तर येऊन राग काढ, पण ये.

तुझे,
बाबा

ता. क. नळाला काल पाणी आलं. बादली अजून भरलेली नाही.